लोखंडाचं श्रेय, पॅलेडियमचं काम : एका पीएचडीतलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका संशोधन संस्थेतलं आहे, कोविडच्या थोडं आधीचं. संस्था, गाईड, मुलगी कोणाचंच नाव देत नाहीये आणि लिगंडची (धातूला धरून राहणाऱ्या रेणूची) रचना पण मुद्दाम ढोबळ ठेवलीय, कारण आपल्याकडे ऑर्गनोमेटॅलिकवाले (धातू-कार्बन बंधांचं रसायन करणारे) एवढे मोजके आहेत की रचना दिली तर कोणाची लॅब ते लगेच कळेल. मी तेव्हा त्याच मजल्यावर दुसऱ्या ग्रुपमध्ये होतो त्यामुळे बरंच समोर घडलेलं आहे, बाकीचं तिने नंतर सांगितलं, आणि लिहायला तिची हरकत नाही.

मुलगी मराठवाड्यातली, एमएस्सी ऑरगॅनिक, पहिल्याच झटक्यात नेट-जेआरएफ. गाईड तसे तरुण, परदेशात पोस्टडॉक करून आलेले, लॅब उभी करून पाचेक वर्षं झालेली, प्रमोशनची वेळ जवळ आलेली. प्रोजेक्ट ठरला तो म्हणजे लोखंडाने सुझुकी कपलिंग. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी : आरिल ब्रोमाइड आणि बोरॉनिक अॅसिड जोडून बायआरिल (दोन बेंझीनसारख्या रिंगा जोडलेला रेणू) बनवायचं, हे काम पॅलेडियम कॅटॅलिस्ट म्हणून, म्हणजे स्वतः न संपता, झकास करतं, २०१० चं नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना ह्याच पॅलेडियमच्या कपलिंग्जसाठी मिळालं. पण पॅलेडियम महाग (२०१९ मध्ये तर भाव सोन्याच्या वर गेला होता) आणि औषधात उरलं तर काढत बसावं लागतं. लोखंड स्वस्त, मुबलक. ग्रिन्यार (मॅग्नेशियमवालं रसायन) वापरून लोखंडाचं कपलिंग होतं हे कोची यांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं, पण साध्या बोरॉनिक अॅसिडबरोबर लोखंड चालवणं हे आजही अवघड प्रकरण आहे. म्हणून जमलं तर मोठा पेपर, हे सगळ्यांनाच माहिती होतं.

लिगंड होता बायपिरिडीनचा, दोन बाजूंना आरिल गट असलेला. पहिली बॅच, चार-पाच ग्रॅमची, लॅबमधल्या एका सीनिअरने बनवून ठेवलेली होती आणि तो थिसिस देऊन निघूनही गेला होता. त्याने ब्रोमो बायपिरिडीन घेऊन त्याच्यावर सुझुकी करून आरिल लावले होते, टेट्राकिस (पॅलेडियमचा एक कॉम्प्लेक्स) वापरून, आणि शुद्ध करायला एक कॉलम मारून बाटलीत भरलं होतं. पावडर किंचित करडी होती, पण एनएमआर (रेणूची रचना आणि शुद्धता दाखवणारी तपासणी) स्वच्छ.

हे वाक्य परत एकदा वाचा कारण सगळं प्रकरण ह्याच्यातच आहे : पॅलेडियमशिवाय सुझुकी दाखवायची, आणि त्यासाठीचा लिगंड पॅलेडियमच्या सुझुकीनेच बनवलेला.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी रिअॅक्शन लागली. पाच टक्के लोखंडाचं क्लोराइड, दहा टक्के लिगंड, पोटॅशियम फॉस्फेट, डायऑक्सेन-पाणी, ब्रोमोअॅनिसोल आणि फिनाइल बोरॉनिक अॅसिड, यील्ड (हाती आलेला माल) ९१ टक्के. ग्रुपमध्ये पेढे वाटले गेले. पुढच्या वर्षभरात तीसेक सबस्ट्रेट (सुरुवातीचे वेगवेगळे रेणू) झाले, पेपर लिहिला, चांगल्या जर्नलला पाठवला, आणि रिव्ह्यू आले ते पण बरे आले. एका रिव्ह्यूअरने विचारलं की लोखंडाच्या क्लोराइडमध्ये पॅलेडियम नाही कशावरून. त्याचं उत्तर तयारच होतं, ९९.९९ टक्केवालं क्लोराइड घेऊन आयसीपी-एमएस (धातूंचे अगदी बारीक अंश मोजणारी तपासणी) केलेलं होतं, त्यात पॅलेडियम सापडलं नव्हतं. दुसऱ्याने ग्राम स्केलवर (ग्रॅमभर मालावर) करून दाखवा म्हणून सांगितलं. रिव्हिजनला मुदत दोन महिने.

अडचण

ग्राम स्केलला लिगंड जास्त लागणार आणि पुढच्या कामालाही हवाच, म्हणून तिने स्वतः नवीन बॅच केली, त्याच कृतीने. फक्त क्रूड (शुद्ध न केलेला माल) खूपच काळपट आलं म्हणून तिने कॉलमनंतर अॅक्टिव्हेटेड चारकोल घालून उकळून गाळलं आणि वर दोनदा रीक्रिस्टलाइझ केलं. पांढऱ्याशुभ्र सुया. एनएमआर आधीच्यापेक्षा सुंदर, मेल्टिंग पॉइंट अगदी धारदार.

आणि रिअॅक्शन बंद.

टीएलसीवर (रिअॅक्शन किती पुढे गेली ते दाखवणाऱ्या पट्टीवर) नुसतं स्टार्टिंग मटेरियल. परत लावली, तेच. सॉल्व्हंट नवीन डिस्टिल केलं, बेस सुकवला, आर्गॉन बदलला, शेवटी जुन्या बाटलीतला करडा लिगंड घातला तर यील्ड ९० च्या आसपास. म्हणजे अशुद्ध लिगंड चालतो आणि शुद्ध चालत नाही. ज्याने कॅटॅलिसिसमध्ये थोडे दिवस काढलेत त्याच्या पोटात इथेच गोळा येतो.

तिने सरांना सांगितलं, "सर, नवीन बॅच चालत नाहीये, जुनीच चालते." सर म्हणाले, "तुझं टेक्निक बघ आधी. रीक्रिस्टलायझेशनचं सॉल्व्हंट अडकलं असेल, व्हॅक्यूमवर नीट सुकव." सरांचं बोलणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं, असं खरंच होतं कधीकधी. दोन रात्री हाय व्हॅक्यूमवर ठेवूनही काही फरक नाही.

मग तिने जुन्या वहीतला कंट्रोलचा, म्हणजे एकेक घटक काढून केलेल्या रिअॅक्शन्सचा, तक्ता काढला. लोखंड नाही, लिगंड नाही : शून्य टक्के. लोखंड आहे, लिगंड नाही : शून्य. लोखंड आणि लिगंड : ९१. आणि चौथी ओळ, लिगंड आहे पण लोखंड नाही, ती केलेलीच नव्हती. वर्षभर ग्रुप मीटिंगमध्ये हा तक्ता पडद्यावर दिसत होता, पेपरच्या सपोर्टिंगमध्ये (पुरवणीत) पण होता, दोन रिव्ह्यूअरांनी पाहिला, आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही की चारातली एक ओळ गायब आहे. मला विचाराल तर हे जास्त भयंकर आहे, पॅलेडियम सापडण्यापेक्षाही.

त्याच संध्याकाळी तिने ती चौथी रिअॅक्शन लावली. लोखंड नाही, फक्त जुना लिगंड. ८९ टक्के.

समोर असलेले पर्याय

आता परिस्थिती बघा. फेलोशिपचं पाचवं वर्ष, म्हणजे जेआरएफची दोन आणि एसआरएफची तीन संपत आलेली, त्यानंतर पैसे बंद. तेव्हाच्या यूजीसी नियमात थिसिसआधी किमान एक पेपर रेफ्रीड जर्नलमध्ये लागायचा (ही सक्ती २०२२ च्या नियमांत गेली), आणि तिचा एकमेव पेपर हाच. जर्मनीतल्या एका ग्रुपला पोस्टडॉकसाठी अर्ज गेलेला, सीव्हीत हा पेपर "रिव्हिजनमध्ये" म्हणून लिहिलेला. सरांच्या प्रोजेक्टचा वार्षिक रिपोर्टही ह्याच्याच जोरावर.

सगळ्यात सोपा रस्ता कोणता होता ते सांगतो. जुन्या बाटलीत दीडेक ग्रॅम लिगंड शिल्लक होता. ग्राम स्केलला लागणार जेमतेम दोन-अडीचशे मिलिग्रॅम. तो वापरून रिअॅक्शन करायची, यील्ड येणारच, स्पेक्ट्रा खरे, आकडे खरे, एकही खोटा डेटा नाही. फक्त पेपरचं शीर्षक खोटं. माझ्या मते ह्या क्षेत्रातले बरेच गोंधळ असेच होत असणार, आकडे कोणी बनवत नाही, एक प्रयोग करायचा टाळतो एवढंच.

दुसरा रस्ता म्हणजे मुदत वाढवून घ्यायची आणि पॅलेडियम आहे की नाही ते आधी ठरवायचं. तिसरा, पेपर गुपचूप सोडून द्यायचा आणि थिसिससाठी दुसरं काहीतरी शोधायचं, कारण चूक झाली हे जगाला सांगायची तरी काय गरज. चौथा सरांनी सुचवला आणि तो ऐकायला छान होता : ९५ टक्के काम पॅलेडियम करत असलं तरी लोखंड त्याला मदत करत असेल, "को-ऑपरेटिव्ह कॅटॅलिसिस" म्हणून नवं शीर्षक देऊ. ह्याला पुरावा काहीच नव्हता, पण तसं नाही हे सिद्ध करायलाही प्रयोगच लागणार होते.

सरांनी झिग्लरचं उदाहरण दिलं आणि ते उदाहरण खरं आहे. १९५३ मध्ये म्युल्हाइमला झिग्लर यांच्या ग्रुपमध्ये इथिलीनच्या लांब साखळ्या व्हायच्या तिथे अचानक नुसतं ब्यूटीन मिळालं, शोधून काढलं तर ऑटोक्लेव्हमध्ये निकेलचे अंश होते. त्यावरून त्यांनी एकेक धातू तपासायला घेतले आणि त्यातूनच टायटॅनियमचे कॅटॅलिस्ट आणि पुढे १९६३ चं नोबेल. सरांचं म्हणणं, दूषित भांड्यातूनही मोठं काम निघतं. तिचं म्हणणं होतं की झिग्लर यांनी आधी निकेल आहे हे शोधून काढलं, मग पुढचं झालं, आपण अजून ते पहिलं पाऊलच टाकलेलं नाही. हे ती तिथे बोलली नाही, आम्हाला कँटीनमध्ये बोलली.

तिला धीर दिला तो खरं तर दुसऱ्या दोन गोष्टींनी. लेडबीटर यांच्या ग्रुपने २००३ मध्ये पाण्यात मायक्रोवेव्हखाली धातूशिवाय सुझुकी होते असं छापलं होतं आणि २००५ मध्ये त्यांनीच परत छापलं की बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्ये ५० पीपीबी इतकं पॅलेडियम होतं, काम तेच करत होतं. पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग, पीपीएम (दहा लाखात एक) नाही. आणि २००९ मध्ये बुखवाल्ड आणि बोल्म यांनी एकत्र पेपर लिहून दाखवलं की लोखंडाच्या क्लोराइडने होणाऱ्या काही कपलिंग्जमध्ये खरं काम तांब्याचे अंश करत असू शकतात. ह्यातले बोल्म स्वतः लोखंडाच्या कॅटॅलिसिसवर आधी भरपूर छापलेले. म्हणजे स्वतःचं काम तपासून जाहीर सांगणारे मोठे लोक आहेत आणि त्यांचं करिअर काही बुडालं नाही. अर्थात ते आधीच मोठे होते, ही पाचव्या वर्षाची स्टुडंट, हा फरक मला तेव्हाही टोचत होता.

काय केलं

सरांशी दोनेक आठवडे ताणाताणी झाली. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे, मुदत वाढवून घेतो, पण तुला जे दाखवायचंय ते असं दाखव की मलाही पटलं पाहिजे." हे त्यांच्या बाजूने मोठंच म्हणायला हवं, कारण नाही म्हणणंही त्यांच्या हातात होतं.

तिने आधी दोन्ही बॅच आयसीपी-एमएसला दिल्या. नमुना अॅसिडमध्ये पूर्ण डायजेस्ट करून द्यावा लागतो, शिवाय लाइन मोठी, त्यामुळे रिझल्ट यायला तीन आठवडे गेले. जुन्या करड्या लिगंडमध्ये साधारण १००० पीपीएम पॅलेडियम निघालं. नव्या पांढऱ्यात मोजण्याजोगं नाही. हे असं का झालं ते नंतर बघितलं तर साधं आहे, बायपिरिडीन हा दोन नायट्रोजनने धातूला पकडणारा रेणू, त्याने पॅलेडियम धरून ठेवलं, कॉलममधून दोघं हातात हात घालून खाली आले, एनएमआरला इतकं कमी दिसतच नाही. चारकोलने मात्र ते ओढून घेतलं.

१००० पीपीएम ऐकायला किती वाटतं? हिशोब करू. अर्धा मिलिमोलच्या रिअॅक्शनला लिगंड २० मिलिग्रॅम, त्यात पॅलेडियम २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१९ मायक्रोमोल. सबस्ट्रेटच्या मानाने ०.०४ टक्क्यांपेक्षा कमी, अंदाजे २६०० रेणूंमागे पॅलेडियमचा एक अणू. विरजणाच्या भांड्याला लागलेल्या दह्यानेही दूध विरजतं, तसंच हे, आरिल ब्रोमाइडला एवढं पॅलेडियम आरामात पुरतं.

पण पॅलेडियम आहे म्हणून तेच काम करतंय असं होत नाही. त्यासाठी तिने जे केलं ते मला ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलं. तोच लिगंड तिने पॅलेडियमला हात न लावता बनवला. बाजारातून तयार बायआरिल तुकडा घ्यावा असं आधी डोक्यात आलं होतं, पण तयार बायआरिल पण बहुतेक सुझुकीनेच बनवतात, म्हणजे परत तेच. म्हणून क्रोन्केची पिरिडीन सिंथेसिस, अॅसिटाइलपिरिडीनपासून पिरिडिनियम मीठ, चाल्कोन आणि अमोनियम अॅसिटेट, रिंगच नव्याने बांधायची. धातूचा संबंधच नाही. नवीन फ्लास्क, नवीन सेप्टा, न वापरलेले मॅग्नेटिक बीड (ढवळायचे चुंबक), शेजारच्या इमारतीतला एक हुड (वाफा ओढून घेणारं कामाचं कपाट) जिथे पॅलेडियमचं काम कधी झालेलंच नव्हतं. बीडचा हट्ट लोकांना जरा अतीच वाटला, पण २०१९ मध्ये अनानिकोव्ह यांच्या ग्रुपचा पेपर आलाच, की वापरलेल्या बीडच्या टेफ्लॉनला बारीक भेगा पडतात, त्यात धातू अडकून राहतो आणि तो पुढच्या रिअॅक्शनमध्ये काम करू शकतो.

क्रोन्के लिगंड आणि लोखंड : दोन-तीन टक्के. तोच लिगंड, लोखंड नाही, वरून पॅलेडियम घातलेलं : ९० टक्के. एवढं कमी पॅलेडियम वजन करता येत नाही म्हणून पॅलेडियम अॅसिटेट ४.२ मिलिग्रॅम १० मिलीत विरघळवून त्यातले १०० मायक्रोलिटर घातले, तेच २० मायक्रोग्रॅमचं गणित. लोखंड आणि पॅलेडियम दोन्ही घातलं तरी तेवढंच, वेगातही फरक नाही, त्यामुळे "को-ऑपरेटिव्ह"ची हवा तिथेच गेली. मर्क्युरी ड्रॉप टेस्टही केली, पारा घातल्यावर रिअॅक्शन थांबली, पण पारा नुसत्या धातूच्या कणांनाच मारतो असं नाही, कॉम्प्लेक्सशीही भानगडी करतो, म्हणून तिने त्या टेस्टवर भिस्त ठेवली नाही. बरोबर केलं.

सरांनी हे सगळं एका दुपारी वही पुढ्यात घेऊन ओळ न ओळ पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी एडिटरला पेपर मागे घेतोय म्हणून पत्र गेलं. पेपर अजून स्वीकारलेला नव्हता त्यामुळे रिट्रॅक्शनचा (छापलेला पेपर मागे घेण्याचा) प्रश्न आला नाही.

जर्मनीला तिने स्वतः मेल केला, की सीव्हीतला पेपर मागे घेतलाय आणि कारण हे आहे. तिथून सभ्य उत्तर आलं, प्रामाणिकपणा आवडला वगैरे, आणि जागा दुसऱ्याला गेली. ह्या पत्रामुळेच गेली की जाणारच होती हे कोणालाच कळायचं नाही. घरी सांगणं हे वेगळंच प्रकरण होतं, बाबांना एवढंच समजलं की छापून येणार होतं ते आता येणार नाही, आणि ते म्हणाले, "मग पाच वर्षं काय केलंस गं?"

निकाल

थिसिसमध्ये तिने एक पूर्ण प्रकरण ह्या शोधावर लिहिलं आणि दुसरं क्रोन्के लिगंडच्या जस्ताच्या कॉम्प्लेक्सवर, घाईत केलेलं, तिला स्वतःलाही ते फारसं आवडत नाही. त्या कॉम्प्लेक्सवर एका छोट्या जर्नलमध्ये पेपर झाला म्हणून नियमापुरतं भागलं. शेवटचे आठेक महिने फेलोशिपशिवाय गेले, सरांनी प्रोजेक्टमधून असिस्टंटशिप काढून दिली, त्यातही मधले दोन महिने काहीच नव्हतं. पॅलेडियमच्या शोधाचा लेख डिग्री मिळाल्यावर दीड वर्षाने छापून आला, सरांच्या आणि तिच्या नावाने. फार कोणी वाचला असं नाही. तोपर्यंत २०२१ उजाडलं आणि एका बड्या जर्नलमध्ये अमाइनने धातूशिवाय सुझुकी होते असा पेपर आला, जगभर गाजला, मग इतर ग्रुप्सनी दाखवलं की तो अमाइन बनवताना वापरलेलं पॅलेडियमच त्यात अडकलेलं होतं, आणि त्याच वर्षी तो पेपर मागे घेतला गेला. गोष्ट तीच, अगदी पॅलेडियम लपायची जागासुद्धा.

नोकरी तिला एका औषध कंपनीच्या प्रोसेस आर अँड डीत लागली. इंटरव्ह्यूत पेपर किती ह्यावर पाच मिनिटं गेली आणि लिगंडमधलं पॅलेडियम कसं पकडलं ह्यावर तासभर. कारण तिथे हे रोजचंच दुखणं. आयसीएच क्यू३डी ह्या औषधातल्या धातूंच्या मर्यादांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमाप्रमाणे तोंडाने घ्यायच्या औषधात पॅलेडियमची दिवसाची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम, दहा ग्रॅम डोस धरला तर १० पीपीएम. शेवटच्या टप्प्यात कपलिंग असेल आणि रेणूत दोन-तीन नायट्रोजन असतील तर पॅलेडियम सोडत नाही, मग चारकोल, थायॉलवाली सिलिका, एन-अॅसिटाइल सिस्टीन असं एकेक लावून बघायचं. ती आता हेच करते, चांगलं करते, हाताखाली चौघंजण आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

चौथी ओळ पहिल्याच आठवड्यात केली असती तर वर्षभर वाचलं असतं, ते उघडच आहे. पण नुसतं "कंट्रोल नीट करा" म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण कंट्रोल केलेले होते, आयसीपी पण केलेलं होतं. संशय फक्त लोखंडावर होता, कारण धातूची अशुद्धी धातूच्या बाटलीतच असणार असं सगळ्यांनी धरलं. लिगंड "आपला", घरचा, त्याच्यावर कोण संशय घेतो. निघून गेलेल्या सीनिअरला एक फोन केला असता, "दादा, हा लिगंड शेवटच्या स्टेपला कशाने केलास?", तरी बास होतं. वहीत कृती होती, ती तिने दुसरी बॅच करतानाच पहिल्यांदा नीट वाचली. तिच्या कंपनीत प्रत्येक बाटलीचा इतिहास लिहिलेला असतो, कोणत्या लॉटपासून, कोणत्या धातूशी संबंध आला होता, विद्यापीठं आणि संस्थांमध्ये हे होत नाही कारण ते कोणाचंच काम नसतं.

दुसरं, पॅलेडियमने सुझुकी करणारी आणि पॅलेडियम नको म्हणणारी रिअॅक्शन एकाच हुडमध्ये करू नये. जागा नाही हे खरंय. निदान बीड आणि फ्लास्क तरी वेगळे ठेवता येतात.

सरांबद्दल माझं मत बदलत राहतं. पहिल्या दिवशी "टेक्निक बघ" न म्हणता "लोखंड काढून बघ" म्हणाले असते तर बरं झालं असतं. दुसरीकडे पेपर मागे घेणारे गाईड मी फार पाहिलेले नाहीत. त्यांचं प्रमोशन एक वर्ष पुढे गेलं.

जर्मनीच्या मेलबद्दल तिचं आणि माझं अजून जमत नाही. मी म्हणतो आधी ऑफर येऊ द्यायची होती, मग सांगायचं, पेपर मागे घेतला म्हणजे गुन्हा केला नव्हता. ती म्हणते आधीच सांगितलं ते बरोबर, तिथे जाऊन पहिल्या ग्रुप मीटिंगला हे सांगायला लागलं असतं तर जास्त वाईट.

राहता राहिले ते क्रोन्के लिगंडवाले दोन-तीन टक्के. सरांचं म्हणणं आहे की तेवढं तरी लोखंडाचंच आहे. तिला वाटतं बोरॉनिक अॅसिडमधून येणारं पॅलेडियम अजून कोणी मोजलेलं नाही. सध्या सरांकडचा एक नवा मुलगा ग्लोव्हबॉक्समध्ये (हवाबंद पेटीत) त्याच्याच मागे लागलाय, बोरॉनिक अॅसिडचे तीन वेगवेगळे लॉट मागवलेत, आयसीपीची लाइन अजून तेवढीच मोठी आहे.